चेंडू ज्याच्याकडे नाही

मी बनवलेल्या हॉकीच्या पटावर ताईने बटण सरकवलं तेव्हा पाळी माझी होती. मी मणी उचलून उजव्या बाजूच्या आघाडीवाल्याकडे नेत होते. मणी अजून चिमटीतच होता, आणि तेवढ्यात तिचं पांढरं बटण एक घर डावीकडे सरकलं.

"ताई, पाळी माझी आहे."

"हो गं. पण चेंडू तिकडे चाललाय ना? मग मी इथे उभी राहून काय करू?"

बटण तिने मागे घेतलं, डाव पुढे सुरू झाला, तो मी जिंकलाही. पण रात्री नियमांची वही काढून मी पाचवं पान फाडून टाकलं. सहा महिने जे मला सापडत नव्हतं ते तिच्या बोटांनी नकळत करून दाखवलं होतं.

आम्ही दोघीही हॉकी खेळायचो. ताई गोलरक्षक, मी डावा हाफ, म्हणजे बचाव आणि आघाडी यांच्या मध्ये डावीकडे खेळणारी. खेळ सुटून बरीच वर्षं झाली, पण दोघी एकत्र आलो की बोलणं फिरून फिरून मैदानावरच येतं. त्यातूनच माझ्या डोक्यात आलं की दोघींना समोरासमोर बसून खेळता येईल असा हॉकीचा पट बनवावा. फासे, सोंगट्या, घरं, एवढंच सामान. सोंगट्यांसाठी मी कोटाची मोठी बटणं घेतली, सात लाल आणि सात पांढरी. चेंडूसाठी मणी. बटणाच्या मधल्या खोलगट भागात मणी नीट बसतो; बटण सरकवलं की मणीही त्याच्याबरोबर जातो, अगदी स्टिकला चिकटून चालल्यासारखा. हा शोध लागला त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो.

टेबलावरची हॉकी काही नवी नाही. दांड्यांना जोडलेले खेळाडू ओढून-फिरवून खेळायची हॉकी 1932 साली टोरोंटोच्या डोनाल्ड मन्रो यांनी बनवली, तीही मंदीच्या दिवसांत, घरच्या मुलांना द्यायला. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ब्रन्सविक कंपनीने एअर हॉकी आणली. तिच्यात टेबलाच्या बारीक छिद्रांतून हवा वर येते आणि चकती त्या हवेवर तरंगत घर्षणाशिवाय पळते. हे दोन्ही खेळ मला मनापासून आवडतात. पण ते मनगटाचे आणि नजरेचे खेळ आहेत. तिथे दोघांचेही हात सतत चेंडूच्या मागे असतात. मी डावा हाफ होते. माझ्या वाट्याचा खेळ वेगळा होता आणि तो या टेबलांवर कुठेच नव्हता.

तो वेगळा म्हणजे कसा, हे एका साध्या हिशेबाने सांगता येईल. सामना साठ मिनिटांचा, पंधरा-पंधराचे चार भाग. मैदानावर बावीस जण. साठ मिनिटं बावीस जणांत सारखी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेतीन मिनिटंसुद्धा येत नाहीत. शिवाय चेंडू पुष्कळ वेळ कुणाच्याच स्टिकवर नसतो. तो वाटेत असतो, रेषेबाहेर असतो, पंचांच्या शिट्टीनंतर थांबलेला असतो. म्हणजे चांगला खेळाडूही सत्तावन्न मिनिटं चेंडूशिवाय खेळतो. त्या सत्तावन्न मिनिटांत तो कुठे उभा राहतो, कुणाच्या मध्ये येतो, कधी एक पाऊल मागे घेतो, हीच हॉकी. मला तीच पटावर आणायची होती. आणि पहिले सहा महिने मी नेमकं उलटं करत बसले होते.

पट आखण्याचं काम मात्र विलक्षण सोपं गेलं. खऱ्या मैदानाची लांबी 91.4 मीटर, रुंदी 55. लांबीची पंधरा घरं आणि रुंदीची नऊ केली, तर प्रत्येक घर सहा मीटरपेक्षा किंचित मोठा असा जवळजवळ बिनचूक चौरस येतो. नऊ हा विषम आकडा, म्हणून बरोबर मध्ये एक रांग मिळते आणि गोल तिच्या टोकाला बसतो. गोलाची रुंदी 3.66 मीटर, म्हणजे एका घरात तो आरामात मावतो. आकडे असे आपणहून जुळायला लागले की माणसाला वाटतं आपण योग्य वाटेवर आहोत.

डीने, म्हणजे गोलासमोरच्या कमानीने वेढलेल्या भागाने, मात्र घात केला. डीची कमान गोलापासून 14.63 मीटरवर असते. ज्या घराचा मध्यबिंदू कमानीच्या आत तेवढी घरं डीमध्ये धरायची, असा नियम लावून मी मोजलं. दोन रांगा, प्रत्येकीत पाच घरं, एकूण दहा. कमान कुठेच नाही! सरळसोट आयत. हॉकीच्या मैदानावरची सगळ्यात देखणी रेषा, जिच्या आत आल्याशिवाय मारलेला फटका गोल धरत नाहीत, ती माझ्या पटावर दोन रांगांचा डबा झाली होती. मला ते इतकं लागलं की घरं तशीच ठेवून वरून कंपासने कमान काढली, नुसती शोभेला. त्या कमानीने पुढे मला चांगलाच धडा दिला. तो नंतर सांगते.

सोंगट्या किती, याला दोन महिने गेले. अकरा-अकरा मांडल्या तर 135 घरांत बावीस बटणं होतात आणि पट तुंबतो. कुठेही पाहिलं तरी कुणीतरी वाटेत. पाच-पाच केल्या तर उलट. सगळीकडे मोकळं रान, कुणीही कुणालाही पास द्यावा, बचाव करणाऱ्याने नुसतं बघावं. पाच जणांची हॉकी प्रत्यक्षात आहेच, 2014च्या नानजिंग युवा ऑलिम्पिकमध्ये ती खेळली गेली. पण तिथे मैदानही लहान केलेलं असतं. माणसं कमी करायची आणि मैदान तेवढंच ठेवायचं, तर बचाव मरतो. सात-सातवर पट जिवंत झाला. गोलरक्षक आणि सहा जण.

आता त्या फाडलेल्या पाचव्या पानाबद्दल. त्यावर पासचा नियम होता. फासा टाकायचा, तीन किंवा अधिक पडले तर पास पोचला. म्हणजे तीनात दोनदा यश. ऐकायला बरं वाटतं. पण हल्ला एका पासचा नसतो. असे चार पास ओळीने पोचण्याची शक्यता 81 पैकी 16, जेमतेम वीस टक्के. चेंडू सारखा इकडून तिकडे जात राही आणि त्यात कुणाचं कसब नसे. दान पडलं की गेला, नाही पडलं की आला. मग मी दोन पडले तरी पास पोचेल असं केलं. चार पासांची शक्यता अठ्ठेचाळीस टक्क्यांवर गेली. आता मी हल्ला करायचे आणि ताई माझं दान बघत बसायची. एकदा तिने हाताची घडी घालून म्हटलं, "तू खेळ, मी आहे इथेच." ती चिडून बोलली नव्हती. पण जी बाई पूर्ण सामना गोलात उभी राहून ओरडून ओरडून समोरची बचावफळी हलवायची, ती माझ्या पटासमोर हाताची घडी घालून बसली होती. आकडे बदलून हे सुटणार नाही, एवढं मला तेव्हा कळलं. काय बदलायचं ते कळत नव्हतं.

ते तिच्या बटणाने सांगितलं. चेंडू वाटेत असतो तो वेळ कुणाचा? मी तो पास देणाऱ्याचा धरला होता. पटावर पाळीने खेळायचं म्हटलं की काळ थांबतो. एक खेळतो, दुसरा गोठतो. मैदानावर उलटं असतं. चेंडू स्टिकवरून सुटला की देणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. तो वेळ बचाव करणाऱ्याचा असतो. त्या सेकंदा-दोन सेकंदांत अख्खी फळी चेंडूबरोबर सरकते. ताईचं बटण सरकलं ते म्हणूनच. तिच्या अंगात तो नियम वीस वर्षं होता, माझ्या वहीत नव्हता.

नवा नियम एका ओळीचा झाला: प्रत्येक पासामागे बचावाला एक पाऊल. पास देणाऱ्याने कुणाला देतोय ते सांगायचं, मणी उचलायचा. समोरच्याने आपली कुठलीही एक सोंगटी एक घर हलवायची. फासा नाही. पास वाटेत कुणी नसेल तर पोचतोच. वाटेतल्या घरात समोरचा उभा असेल तर चेंडू त्याचा. शेजारच्या घरात असेल तर नाही, कारण घर सहा मीटरचं आहे आणि स्टिक धरलेला हात काही तेवढा लांबत नाही. हे उत्तर पटाच्या मापानेच दिलं, मला वेगळं ठरवावं लागलं नाही.

पहिल्याच डावात कळलं की बचाव फार बळकट झाला. लांब पास म्हणजे लांब वाट, आणि लांब वाटेच्या शेजारी कुणी ना कुणी असतोच; तो एक पाऊल टाकून मध्ये येतो. लांब पास संपलेच. मग पास दोन जातींचे केले. तीन घरांपर्यंतचा पास, म्हणजे सुमारे अठरा मीटर, इतका झटपट जातो की आधी चेंडू पोचतो आणि मग बचावाचं पाऊल पडतं. त्याहून लांब असेल तर आधी पाऊल, मग चेंडू. यामुळे लांब पास धोक्याचा झाला पण अशक्य नाही राहिला. द्यायच्या आधी ती वाट दोन्ही बाजूंनी मोकळी आहे का ते बघायला लागतं. मैदानावर डावा हाफ मान वर करून हेच बघतो.

या नियमाची दुसरी बाजू माझ्या लक्षात फार उशिरा आली, आणि आज मला तीच जास्त प्रिय आहे. पाळीत तीन चाली असतात. चाल म्हणजे पास, किंवा चेंडूसह एक घर, किंवा चेंडूशिवाय दोन घरं. पास दिला की समोरच्याला पाऊल मिळतं. पण चेंडूशिवाय धावलं तर मिळत नाही. मी ते मुद्दाम ठरवलं नव्हतं. पाऊल पासाला जोडलं म्हणून आपोआप झालं. आणि ते किती खरं आहे! मैदानावर सगळ्यांचे डोळे चेंडूवर असतात. जो चेंडूपासून लांब, डोळ्यांच्या कोपऱ्यातून सटकतो, त्याला कुणी पाऊल उचलून उत्तर देत नाही. घाईने तीन पास देणारा समोरच्याला तीन पावलं भेट देतो. एक धाव, पुन्हा एक धाव, आणि मग एकच पास देणारा फक्त एक देतो. ताईने हे माझ्याआधी ओळखलं आणि चार डाव मला ओळीने हरवलं.

चेंडू हिसकावण्याचं काय, हा प्रश्न राहिलाच होता. इथेही आधी फासाच होता. फासा काढला, कारण हॉकीत समोरून येणाऱ्याला अडवणं म्हणजे त्याच्या मनातलं ओळखणं. आणि हॉकीत एक मजेदार विषमता आहे जी इतर फार थोड्या खेळांत असेल. स्टिकची एकच बाजू सपाट, आणि खेळायचं फक्त त्या बाजूने. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसतेच. त्यामुळे प्रत्येक खेळाडूची उजवी बाजू भक्कम आणि डावी कच्ची. डावीकडे चेंडू आला की स्टिक उलटी करून रिव्हर्सने खेळावं लागतं. म्हणून हल्ला करणारा बचाव करणाऱ्याच्या डाव्या पायाकडून निसटायला बघतो.

आधी मी प्रत्येक बटणावर बाण काढला होता, त्याचं तोंड कुठे आहे ते कळावं म्हणून. चाल झाली की बटण फिरवायचं. अर्धा डाव बटणं फिरवण्यातच जाई. शेवटी ठरवलं, सोंगटीचं तोंड कायम चेंडूकडे आहे असं धरायचं. बाण पुसले. खेळाचं काहीच बिघडलं नाही.

अडवणं आता मुठींनी होतं. एकी-बेकी खेळतो तसं. हल्ला करणारी मुठीत ठरवते, समोरच्याच्या भक्कम बाजूने जायचं की कच्च्या. बचाव करणारी ठरवते कुठली बाजू धरायची. दोघी एकदम मूठ उघडतात. बचावाचा अंदाज चुकला तर चेंडू पुढे गेला. भक्कम बाजूचा अंदाज बरोबर आला तर चेंडू हिसकावला. कच्च्या बाजूचा बरोबर आला तरी रिव्हर्सने चेंडू मिळेलच असं नाही. तिथे अर्धी-अर्धी शक्यता.

मला आधी वाटलं, यात काय, नेहमी कच्च्या बाजूनेच जावं. पण नेहमी तसं केलं की समोरचाही नेहमी तीच बाजू धरतो आणि आपण निम्म्या वेळा अडकतो. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने 1928 साली सिद्ध केलं की दोघांच्या अशा खेळात, जिथे एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा आणि पर्याय मोजके, तिथे दोघांसाठीही एक समतोल मिश्रण असतंच. माझ्या मुठींचं मिश्रण मी काढलं. हल्ला करणाऱ्याने तीनात दोनदा कच्च्या बाजूने जावं, एकदा भक्कम; बचाव करणाऱ्यानेही तीनात दोनदा कच्ची बाजू धरावी. आणि दोघांनी हे चोख पाळलं, तर हल्ला करणारा तीनात दोनदा निसटतो.

हा शेवटचा आकडा कागदावर आला तेव्हा मी हरखून गेले. एकट्या बचाव करणाऱ्याने कितीही हुशारीने खेळलं तरी तो तीनात दोनदा हरतो. त्याच्या मागे दुसरा उभा असेल तर हल्ला पार होण्याची शक्यता नऊपैकी चार. तिसरा असेल तर सत्तावीसपैकी आठ, तीस टक्क्यांच्या आत. म्हणजे चेंडू अडवतो तो पहिला दिसतो खरा, पण डाव वाचवतो तो मागचा, ज्याच्याजवळ अजून चेंडू आलेलाच नाही. खेळत होते तेव्हा प्रशिक्षक मला ओरडून सांगायचे, "पुढे जाऊ नकोस, मागे राहा!" तेव्हा मला ती शिक्षा वाटायची.

गोलरक्षकाच्या नियमावर ताईने मला अजिबात मोकळं सोडलं नाही. माझा पहिला नियम होता, फटका मारला की दोघींनी फासा टाकायचा, मोठा आकडा जिंकला. ती म्हणाली, "गोलरक्षकाचं काम फटका बसायच्या आधी होऊन गेलेलं असतं." तिचं म्हणणं कोनाचं होतं. डीच्या माथ्यावरून, 14.63 मीटरवरून, गोल चौदा अंशांच्या फटीएवढा दिसतो. पेनल्टी स्ट्रोकच्या खुणेवरून, 6.4 मीटरवरून, तोच बत्तीस अंशांचा होतो. कडेला, गोलरेषेच्या जवळ जावं तसा तो मिटत जातो. आणि गोलरक्षक पुढे आला की प्रत्येक ठिकाणाहून थोडा थोडा आणखी मिटतो. म्हणून आता डीच्या प्रत्येक घरावर फाशांची संख्या लिहिलेली आहे: गोलासमोरच्या घरात तीन, त्याच्या मागच्यात दोन, कडेच्यांत एकच. सहा पडला की गोल. तीन फाशांनी तो बेचाळीस टक्के वेळा पडतो, दोनांनी एकतीस, एकाने सतरा. गोलरक्षक एक घर पुढे आला तर एक फासा कमी होतो. पण तो पुढे आलेला असताना चेंडू आडवा गेला, तर रिकाम्या गोलासाठी एक फासा वाढतो. पूर्ण खेळात फासा मोजक्याच ठिकाणी उरला, आणि त्यातला खरा हा. ताईला तो इथे मान्य आहे. कुणाच्या तरी पायाला, स्टिकला लागून चेंडू फिरतो, त्याला इलाज नसतो.

तेव्हाच तिने 1928च्या अॅम्स्टरडॅम ऑलिम्पिकची आठवण काढली. भारताने पाच सामन्यांत 29 गोल केले, त्यातले 14 ध्यानचंदांचे. आणि स्वतःवर एकही गोल होऊ दिला नाही. "तो चौदा आकडा सगळ्यांना पाठ असतो," ती म्हणाली. "शून्याच्या मागे उभा असलेल्या माणसाचं नाव विचार कुणालाही." रिचर्ड अॅलन. मला माहीत होतं, पण तेही तिच्याचमुळे.

पेनल्टी कॉर्नर घ्यायचा की नाही यावर मी खूप डळमळले. घेतला, कारण बचाव करणाऱ्यांची तेवढी परीक्षा दुसऱ्या कशात नाही. गोलरक्षकासह पाच जण गोलरेषेमागे, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. चेंडू डीबाहेर जाऊन आल्याशिवाय गोलवर फटका नाही. पटावर तो चिठ्ठ्यांचा झाला. हल्ला करणारी चिठ्ठीवर लिहिते, ड्रॅग फ्लिक (स्टिकने ओढत नेऊन फेकलेला चेंडू), सरळ फटका की बाजूला सरकवलेला चेंडू. बचाव करणारी लिहिते, कोण कुठे धावणार. चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. मिनिटभरात निकाल. इथे जास्त रेंगाळलं तर मुख्य खेळाचा श्वास तुटतो.

टाकून दिलेल्या गोष्टींची यादी ठेवलेल्यांपेक्षा मोठी आहे. खेळाडूंचे गुण, कुणाचा वेग किती, कुणाचा फटका किती, हे सगळं टाकलं. बटणं सारखीच बरी. ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या मागे जाऊन पासची वाट बघायला बंदी, एकदा घालून पाहिला आणि दोन डावांत काढला. हॉकीच्या नियमांतून तो 1998 पासून कायमचा गेलाच आहे, आणि का गेला असेल ते पटावर फार लवकर कळतं: बचाव पुढे सरकतो, मैदान आखडतं, धावणाऱ्याला जागाच राहत नाही. फ्री हिट स्वतःलाच देऊन धावता येतं, हा 2009 पासूनचा बदल मात्र मी आनंदाने घेतला, कारण त्याने खेळ थांबत नाही. आणि हिरवं कार्ड ठेवलं. मैदानावर दोन मिनिटं बाहेर, पटावर दोन पाळ्या. एक बटण उचललं जातं आणि उरलेल्या सहांना मधली भोकं बुजवत बसावं लागतं. नसलेल्या माणसाची जागा डोळ्यांना इतकी ठळक दिसते की ते एक बटण काढणं हाच या खेळातला सगळ्यात बोलका क्षण आहे, असं मला वाटतं.

मग नियम लिहून काढले आणि हॉकी कधीच न खेळलेल्या दोन ओळखीच्यांना पट आणि कागद दिला. मी शेजारी बसायचं पण बोलायचं नाही, असं स्वतःला बजावलं होतं. पाऊण तास तोंड मिटून बसणं फार जड गेलं. पहिल्या दहा मिनिटांत त्यांचं भांडण झालं, आणि ते माझ्या त्या शोभेच्या कमानीवरून. कमान तिसऱ्या रांगेतल्या घरांचा अर्धामुर्धा भाग कापत जाते. एक म्हणाला, माझी सोंगटी डीत आहे, रेषेच्या आत दिसते की. दुसरी म्हणाली, कागदावर दोनच रांगा लिहिल्यात. दोघांचंही खरं होतं. जी रेषा नियमात नव्हती ती मी केवळ माझ्या प्रेमापोटी पटावर ठेवली होती. त्या संध्याकाळी नवा पट आखला. कमान नाही, दहा घरं निळ्या रंगाची. बघायला सुंदर नाही. पण आता डी कुठे संपते हे कुणी विचारत नाही.

दुसरा अडथळा "समोर" या शब्दाचा. समोर म्हणजे माझ्यासमोर की समोरच्याच्या गोलाकडे? मला लिहिताना शंकासुद्धा आली नव्हती. मग कागदाची सुरुवातच बदलली. आधी पहिलं वाक्य "चेंडू ज्याच्याकडे आहे त्याने" असं सुरू होई आणि बचावाचे नियम तिसऱ्या पानावर येत. आता पहिलं पान बचावाचं आहे. नवीन माणूस पहिल्यांदा पाऊल टाकायला शिकतो, पास द्यायला नंतर.

गेल्या आठवड्यात ताई आली होती. चौथा भाग चालू होता, ती एका गोलने पुढे, माझ्या हातात शेवटची पाळी. माझा उजवा आघाडीवाला दोन पाळ्या धावत धावत निळ्या घरांच्या तोंडाशी पोचला होता, एकटा, आणि त्याच्या धावण्याला तिला एकही पाऊल मिळालेलं नव्हतं. पास पाच घरांचा होता, तिरपा. वाट मोकळी दिसत होती. मी मणी उचलला आणि मग तिचं ते बटण दिसलं. तीन पाळ्यांपूर्वी तिने एक चाल खर्चून ते मधल्या रांगेत नेऊन ठेवलं होतं. तेव्हा तिथे चेंडू नव्हता, माझं कुणी नव्हतं, आणि मला वाटलं होतं की तिने चाल वाया घालवली. आता ते माझ्या वाटेला अगदी लागून उभं होतं. एका पावलावर.

मी दुसरी वाट शोधली. डावीकडे छोटा पास, मग तिथून. पण तेवढ्यानेही तिला एक पाऊल मिळणार होतं, आणि त्या पावलाने ती वाटही बंद होणार होती. मी बोटांनी घरं मोजली, पुन्हा मोजली.

मणी चिमटीतच होता. ताईचे दोन्ही हात मांडीवर होते, बटणांपासून लांब.

"टाक की," ती म्हणाली.